माळ्यावरची रायफल

जुन्या घरातील जुन्या वस्तूंविषयी वाचक आम्हांस नेहमी लिहितात. समई, पानाचा डबा, भिंतीवरचे घड्याळ, पोथी यांविषयीची पत्रे या सदराला नवी नाहीत. या खेपेस कुंभकोणमहून आलेले पत्र मात्र निराळे आहे. पत्र लिहिणारे गृहस्थ तंजावरकडील मराठी कुटुंबातले. त्यांचे आजोबा निलगिरीतील एका चहामळ्यावर नोकरीस होते. घराचा माळा झाडताना गोणपाटात गुंडाळलेली आजोबांची रायफल हाती आली. ते लिहितात, की चापाच्या खाली एक लोखंडी कडे आहे आणि ते खाली ओढले की मधली पेटी उघडते. नळी आठ पैलूंची, पण जेमतेम १९ इंच लांब. तिच्याखाली दुसरी बारीक नळी. दस्ता काळसर शिसवी लाकडाचा. पुढची माशी पितळेची आणि किंचित तिरकी. कड्याजवळचा एक स्क्रू नाहीसा झालेला. आजोबांच्या नावाचा परवाना कागदपत्रांत आहे, पण आजोबा जाऊन बरीच वर्षे लोटली.

पत्राच्या शेवटी ते विचारतात, “आमच्या गावी पितळकाम करणारे निष्णात कारागीर आहेत. त्यांच्याकडून स्क्रू करून घ्यावा, गंज घासून काढावा व रायफल पहिल्यासारखी करावी, असा विचार आहे. ही रायफल कोणती असावी? आणि पहिल्यासारखी म्हणजे नेमकी कशी करावी?”

यातला शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. जुनी वस्तू दुरुस्त करू पाहणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतःस विचारावयास हवा. परंतु त्याकडे वळण्यापूर्वी दोन गोष्टी सांगणे आमचे कर्तव्य आहे.

पहिली गोष्ट घरातील माणसांच्या जिवाची. ज्या बारीक नळीचा पत्रात उल्लेख आहे, ती काडतुसे साठविण्याची नळी होय. तीत काडतुसे एकामागे एक राहतात व एक स्प्रिंग त्यांना मागे रेटत असते. कडे खाली ओढून वर केले, की एक काडतूस उचलले जाऊन मोठ्या नळीत शिरते आणि त्याच हालचालीत घोडाही चढतो. पन्नास-साठ वर्षे पडून असलेल्या बंदुकीच्या या नळीत एखादे काडतूस अडकून राहिले असणे मुळीच अशक्य नाही. पेटी उघडून आत डोकावले व काही दिसले नाही, म्हणून बंदूक रिकामी आहे असे मानू नये. यास्तव ते कडे यापुढे कोणीही ओढू नये. रायफल मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी, कुलपात ठेवावी. ती रिकामी आहे की नाही हे परवानाधारक शस्त्रविक्रेत्याने अथवा पोलिसांच्या शस्त्रागारातील जाणकाराने पाहावे.

दुसरी गोष्ट कायद्याची. ‘एवढी जुनी वस्तू, तिला कसला परवाना?’ असा समज आपल्याकडे सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमात जुनाट घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या अथवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे खरी. पण ती सूट दुरुस्ती करूनही वा न करताही जे शस्त्र बंदूक म्हणून वापरता येणारच नाही, त्यालाच मिळते. एका स्क्रूने चालू होणारी रायफल त्या सवलतीत बसत नाही. परवाना आजोबांच्या नावाचा होता व तो त्यांच्याबरोबर संपला. तेव्हा पहिले पाऊल म्हणजे रायफल जवळच्या पोलीस ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करून पावती घेणे, आणि वारस या नात्याने परवान्यासाठी अर्ज करणे. कायदेशीर वारसास परवाना देण्याची तरतूद २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस दोनच बंदुका बाळगता येतात व वारसाहक्काने आलेली बंदूकही त्यात मोजली जाते, एवढे ध्यानी ठेवावे. बंदूक दुरुस्त करण्यासही त्याच अधिनियमाच्या ५ व्या कलमाप्रमाणे परवाना लागतो. म्हणून कुंभकोणमचा कारागीर कितीही निष्णात असला, तरी हे काम त्याच्याकडे नेणे म्हणजे त्या भल्या माणसास अडचणीत लोटणे होय.

आता ओळखीकडे वळू.

चापाखाली कडे किंवा दांडी असलेली प्रत्येक बंदूक एकाच जातीची नसते. आपल्या देशात अशा बंदुका मुख्यतः दोन घराण्यांच्या आढळतात. पहिले घराणे मार्टिनी-हेन्रीचे. ब्रिटिश सैन्याने ती १८७१ साली स्वीकारली व पुढे ती हिंदी पलटणींच्याही हाती आली. तिची दांडी खाली केली, की आतला पोलादी ठोकळा खाली झुकतो व रिकामे काडतूस बाहेर पडते. पुढचे काडतूस मग हातानेच घालावे लागते. तिच्या नळीखाली साठवणीची नळी नसते आणि बाहेर दिसणारा घोडाही नसतो. पेटीच्या उजव्या अंगास राजमुकुट, राणी व्हिक्टोरियाची इंग्रजी आद्याक्षरे, कारखान्याचे नाव व साल कोरलेले असते. याच खुणांवरून खोटा मालही ओळखता येतो. खैबर खिंडीच्या परिसरातील कारागीर या रायफलींच्या नकला हातांनी घडवीत. त्यांवर इंग्रजी अक्षरे कधी उलटी पडत, तर कधी राणीच्या आद्याक्षरांखाली १९०१ नंतरचे साल येई. राणी १९०१ सालीच निवर्तली होती, हे त्या कारागिरांच्या गावी नसे.

दुसरे घराणे अमेरिकेतील विंचेस्टरचे. नळीखालची साठवण व बाहेर दिसणारा घोडा ही त्याची ओळख, म्हणजे आपल्या वाचकांची रायफल बहुधा याच घराण्यातली. त्यातही पिढ्या आहेत. १८६६ च्या नमुन्याची पेटी पितळी रंगाच्या धातूची असे. १८७७ साली प्लेव्हनाच्या लढाईत तुर्कांनी रशियनांवर याच रायफलींचा मारा केला. १८७३ च्या नमुन्याची पेटी लोखंडाची व पुढे पोलादाची झाली. तिच्या दोन्ही बाजूंना सुट्या होणाऱ्या पत्र्या असतात, माथ्यावर एक सरकते झाकण असते आणि काडतूस उचलून वर आणणारा तुकडा पितळेचा असतो. १८९५ च्या नमुन्यात नळीखालची साठवण गेली व चापापुढे पेटीसारखी साठवण आली. बंगळूरचे शिकारी व लेखक केनेथ अँडरसन हे दक्षिणेतील रानांत हिंडले ते याच नमुन्याची .४०५ मापाची रायफल घेऊन. पत्रातील रायफलीच्या माथ्यावर सरकते झाकण व बाजूस सुट्या पत्र्या असतील, तर ती १८७३ च्या नमुन्याची समजण्यास हरकत नाही. तिचा क्रमांक पेटीच्या मागे, दस्त्याच्या खालच्या बाजूने गेलेल्या लोखंडी पट्टीवर सापडेल. तो कागदावर उतरवून घ्यावा व जपून ठेवावा. क्रमांक घासून पुसट करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, हेही सांगून ठेवतो.

एवढ्यावर रायफलीचे कूळ कळेल. पण तिच्यात बदल झाले आहेत, हे पत्रातील वर्णनावरूनच दिसते. १८७३ च्या रायफलीची नळी साधारणतः २४ इंचांची असे. २० इंचांची आखूड नळी घोडेस्वारांच्या कार्बाइनला असे, पण ती गोल असे. १९ इंचांची आठ पैलूंची नळी या दोहोंतही बसत नाही. म्हणजे नळी मागाहून कापली असावी. मात्र इथे घाई करू नये. गिऱ्हाइकाने मागणी केल्यास कारखाना वेगळ्या लांबीची नळीही बनवून देत असे. तेव्हा नळीचे तोंड नीट पाहावे. कारखान्यात घडविलेल्या तोंडाची कड गोलसर व आतून बाहेरून सारखी असते. करवतीने कापलेल्या तोंडावर कानशीच्या रेघा राहतात आणि ते बहुधा काटकोनात नसते. माशी तिरकी बसली आहे, हाही कापण्याचाच पुरावा मानता येईल, कारण नळी कापली की पुढची माशी तिच्याबरोबर जाते व नवी बसवावी लागते. दस्ताही तसाच. अमेरिकन कारखाना आपल्याकडील अक्रोडाचे लाकूड वापरी. शिसव हे आपल्या देशातील झाड. तो दस्ता इकडच्याच कोणा सुताराच्या हातचा असला पाहिजे.

शंका उरलीच, तर ती मिटविण्याचे एक उत्तम साधन आहे. विंचेस्टर कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या अमेरिकेत वायोमिंग राज्यातील कोडी या गावच्या संग्रहालयात जतन केलेल्या आहेत. ज्या क्रमांकांच्या नोंदी शिल्लक आहेत, त्यांच्याविषयी शुल्क घेऊन तेथून पत्र मिळते. रायफल कारखान्यातून केव्हा बाहेर पडली, नळी गोल होती की पैलूदार, माप कोणते होते, हे त्यात कळते. आपल्याकडे जमिनीच्या वादात जुन्या दप्तराला जे स्थान, तेच येथे या वह्यांना आहे.

बदल झाला, हे ठरले. पण कोणी केला व कशासाठी, हे ठरल्याखेरीज दुरुस्तीचा विचार करता येत नाही. जुन्या शस्त्रांत बदल करणारे हात चार प्रकारचे असतात. पहिला हात सरकारचा. १८६६ च्या सुमारास ब्रिटिशांनी आपल्या ठासणीच्या एनफील्ड बंदुकांचा मागचा भाग कापून तेथे स्नायडरची झडप बसविली व जुन्याच बंदुका मागून भरण्याजोग्या केल्या. पुढे कित्येक मार्टिनी रायफलींना .३०३ मापाची नवी नळी मिळाली. हे बदल म्हणजे त्या बंदुकांच्या अधिकृत चरित्राचाच भाग होत. दुसरा हात कारखान्याचा, गिऱ्हाइकाच्या मागणीवरून फिरलेला. तिसरा हात धन्याच्या गरजेचा. चौथा हात व्यापाऱ्याचा. साधा माल दुर्मिळ भासावा म्हणून तो नवे शिक्के मारतो, नक्षी कोरतो, झिजलेले अंग घासून त्यावर निळी झिलई चढवितो. हा चौथा हात ओळखणे कठीण नसते. खऱ्या जुन्या पोलादाच्या कडा टोकदार राहतात व अक्षरे खोल असतात. घासलेल्या अंगाच्या कडा गोल होतात, अक्षरे पुसट होतात आणि स्क्रूंच्या भोवती बशीसारखे खळगे पडतात.

पत्रातील रायफलीवर चौथ्या हाताची खूण दिसत नाही. दिसतो तो तिसरा हात. चहामळ्याच्या दाट झाडीतून वावरताना लांब नळी अडते, म्हणून ती आखूड केली असेल. दस्ता मोडला, अमेरिकेहून नवा येणे शक्य नव्हते, म्हणून सुताराने शिसवाचा घडविला असेल. माशी पितळेची केली, कारण झाडीतल्या अंधुक उजेडात पिवळा ठिपका चटकन दिसतो. ही अनुमाने आहेत, पण प्रत्येक बदलाला सुसंगत कारण देता येते, आणि तिसऱ्या हाताचे लक्षण हेच.

असे बदल म्हणजे वस्तूची हानी, असे मानण्याचा मोह होतो. म्हणून आमच्या वाचकांना त्यांच्याच जिल्ह्यातील एक उदाहरण सांगावेसे वाटते. १६७६ साली व्यंकोजीराजांनी तंजावरास मराठ्यांचे राज्य स्थापिले. तेथील राजवाड्याच्या शस्त्रागारात पिढ्यान्पिढ्यांची शस्त्रे साठली होती. त्यांत कित्येक कट्यारी अशा होत्या, की ज्यांची मूठ दक्षिणी घडणीची, परंतु पाते युरोपातून आलेल्या तलवारीचे कापून बसविलेले. आपल्याकडील ‘फिरंग’ तलवारही याच रीतीची, पाते परदेशी आणि मूठ देशी. शेवटचे राजे शिवाजी यांचे १८५५ साली निधन झाले, राज्य खालसा झाले, आणि १८६० च्या सुमारास त्या शस्त्रागारातील पुष्कळशी हत्यारे मोडून जुन्या लोखंडाच्या भावाने विकण्यात आली. जी वाचली, त्यांतील बरीच आज चेन्नईच्या एग्मोर येथील सरकारी संग्रहालयात आहेत. आता कल्पना करा, की त्यांतील एखाद्या कट्यारीचे परदेशी पाते ‘मूळचे नव्हे’ म्हणून कोणी काढून टाकले व नवे देशी पाते बसविले. ती कट्यार शुद्ध होईल काय? उलट समुद्रापलीकडचे पोलाद तंजावरच्या लोहारशाळेत कसे पोहोचले व तेथे त्याचे काय झाले, ही तिच्या अंगावरील साक्षच नाहीशी होईल.

‘पहिल्यासारखी म्हणजे कशी?’ या प्रश्नाचे आमचे उत्तर यातून निघते. १८७३ च्या नमुन्याच्या सात लाखांहून अधिक रायफली कारखान्यातून बाहेर पडल्या. कारखान्यात होती तशी रायफल पाहावयाची असेल, तर जगातील अनेक संग्रहालयांत ती पाहता येते. निलगिरीच्या झाडीसाठी आखूड झालेली, शिसवी दस्त्याची व पितळी माशीची रायफल मात्र ही एकच. नळीला तुकडा जोडून ती २४ इंचांची केली, अक्रोडाचा दस्ता परदेशाहून मागवून बसविला, तर हाती येईल ती सात लाखांतली एक अर्धवट नक्कल, आणि आजोबांची रायफल नाहीशी होईल. म्हणून पहिल्यासारखी म्हणजे आजोबांनी शेवटची वापरून खाली ठेवली तशी. त्यापलीकडे जाऊ नये.

या मर्यादेत जी डागडुजी करावयाची, ती परवाना हाती आल्यावर व परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी. त्याला पुढील गोष्टी आवर्जून सांगाव्यात.

नाहीशा झालेल्या स्क्रूच्या जागी बाजारातील कोणताही स्क्रू पिळून बसवू नये. जुन्या अमेरिकन स्क्रूंचे आटे आजच्या मापांशी जुळतीलच असे नाही. भोकाप्रमाणे स्क्रू घडवावा, स्क्रूप्रमाणे भोक मोठे करू नये. शिवाय तो स्क्रू कोणी मुद्दामही काढून ठेवला असेल. घरात मुले होती म्हणून बंदूक निकामी करून ठेवणारे शहाणे लोक पूर्वीही होते. तेव्हा आजोबांच्या पेटीत, डब्यात तो आधी शोधावा.

गंजासाठी पॉलिश कागद, विटकरीची पूड, चिंच वा लिंबू यांपैकी काहीही वापरू नये. आपल्या स्वयंपाकघरातील पितळ चिंचेने लखलखते, तोच नियम पोलादाला लावला की अक्षरे व क्रमांक दोन्ही जातात. हलके यंत्रतेल लावून दोन दिवस ठेवावे व मऊ फडक्याने, अगदीच हट्टी गंज असल्यास पितळेच्या बारीक तारांच्या बोळ्याने, हळूहळू पुसावे. खाली तपकिरी, घट्ट थर राहील. तो गंज नव्हे, वय होय. तो राहू द्यावा.

तिळाचे तेल लावू नये, ते काळांतराने घट्ट होऊन चिकटते. खोबरेल खवट होते. यंत्रतेलाचा अगदी पातळ हात पुरतो. रायफल उभी ठेवावयाची झाल्यास नळीचे तोंड खाली असावे, म्हणजे तेल दस्त्यात मुरून लाकूड कुजणार नाही. चामड्याच्या म्यानात वा गोणपाटात ठेवू नये. दोन्ही ओल धरतात. कावेरीच्या खोऱ्यात ऑक्टोबर ते डिसेंबर हा पावसाचा काळ, त्या दिवसांत महिन्यातून एकदा तरी पाहावे.

दस्त्याला चीर असेल, तर ती वाढू न देण्यापुरते सांधावे. सुटा झालेला प्रत्येक तुकडा, झिजलेला असला तरी, पाकिटात घालून त्यावर नाव लिहून ठेवावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे, दुरुस्तीनंतरही या रायफलीने गोळी झाडण्याचा विचार मनात आणू नये. १८७३ ची रायफल काळ्या दारूच्या मापाने घडविलेली. तिच्या पहिल्या .४४-४० काडतुसाच्या नावातील ४० हा आकडा ४० ग्रेन, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम, काळ्या दारूचा. तिच्या आतील गुडघ्यासारखा दुमडणारा सांधा तेवढाच जोर सोसू शकतो. पुढच्या काळातील अधिक जोरदार काडतुसे त्याच आकाराची निघाली, ती या नळीत सहज शिरतात, आणि तेथेच अपघात घडतो. कापलेल्या नळीची कोणी आतून काय अवस्था केली आहे, हेही बाहेरून कळत नाही.

परवाना मिळणे शक्य नसेल, अथवा घरात शस्त्र नको असेच कुटुंबाला वाटत असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या संमतीने ती संग्रहालयाला देण्याची विचारणा करावी. महाराष्ट्रातील वाचकांनाही हे लागू आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घरोघरच्या वापरातील वस्तूंबरोबर शस्त्रेही मांडलेली आहेत. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू परदेशी पाठविण्यास १९७२ च्या पुरावस्तु अधिनियमाने मनाई आहे, तेव्हा परदेशातील ग्राहकाच्या मोठ्या किमतीला भुलू नये.

मात्र यांपैकी कोणताही मार्ग धरण्यापूर्वी एक काम घरच्या घरी करता येण्याजोगे आहे, आणि त्याला परवाना लागत नाही. वडीलधारी माणसे अजून असतील, तर त्यांच्याजवळ बसावे. आजोबा कोणत्या मळ्यावर होते, रायफल कोणाकडून घेतली, नळी कोणी कापली, दस्ता कोठल्या सुताराने केला, ती कधी चालली व कधी बंद झाली, हे विचारून सालासह लिहून काढावे. आजोबांचा परवाना, रायफलीचा क्रमांक व चारही बाजूंची छायाचित्रे त्या कागदासोबत ठेवावीत. कोडीच्या वह्या रायफल कारखान्यातून निघाली तिथवरच सांगतील. तिथून पुढचे, निलगिरीच्या पावसातले व कुंभकोणमच्या माळ्यावरचे, सांगणारी माणसे आपल्याच घरात आहेत आणि ती दिवसेंदिवस थकत चालली आहेत. आधी त्यांच्याकडे जावे, स्क्रू नंतर शोधता येईल.